दोन घरांमधला दहा इंचांचा पट्टा

पाचपाखाडीत आम्ही १९८८ पासून ज्या इमारतीत राहतो, तिथे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली वन बीएचके सदनिका २०२२ च्या अखेरीस रिकामी झाली. शेजारचे कुटुंब घोडबंदर रस्त्यावरच्या एका नव्या संकुलात राहायला गेले होते, आमच्या मुलाचे लग्न ठरत आले होते, आणि सासूबाई, आम्ही दोघे व मुलगा-सून अशा पाच जणांना पुरेल एवढे नवे घर ठाण्यात घेण्याचा हिशेब कोणत्याही बाजूने मांडला तरी बसत नव्हता. शेवटी कर्ज काढून ती शेजारचीच जागा घ्यावी आणि मधली भिंत उघडावी असे ठरले. परवानग्यांचा भाग विस्ताराने सांगत नाही. इमारत आरसीसी चौकटीची असल्यामुळे ती भिंत भार वाहणारी नाही, नुसती विटांची आहे, आणि तिच्या डोक्यावरून गेलेल्या तुळईला हात न लावता खाली वाट काढता येईल, असा स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी अहवाल, सोसायटीचे पत्र आणि महापालिकेची परवानगी मिळेपर्यंत पाच महिने गेले, एवढे नोंदवते. हे तीन कागद हाती येण्याआधी कोणी हातोडा उचलू नये.

भिंत उघडली आणि मग लक्षात आले की आपण दोन खोल्या जोडलेल्या नसून दोन काळ समोरासमोर आणून उभे केले आहेत. आमच्या हॉलमध्ये दहा बाय दहा इंचांच्या करड्या मोझॅक फरश्या, त्यांत पांढऱ्या आणि हिरवट संगमरवरी चिपा, सासऱ्यांनी १९८९ मध्ये करून घेतलेली सागवानी शोकेस, पितळी कड्यांचा झोपाळा आणि पिवळट भिंती. पलीकडे पांढऱ्या चकचकीत, दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचे फॉल्स सीलिंग, त्यात पांढरेशुभ्र दिवे, आणि मुलगा-सुनेने हौसेने आणलेला राखाडी सोफा व काळ्या लोखंडी पायांचे टेबल. दोन्ही हॉल आपापल्या जागी नीटनेटके होते. झोपाळ्यावर बसून त्या चार फुटी वाटेतून पलीकडे पाहिले की मात्र रस्त्याच्या पलीकडचा एखादा दवाखाना उघडा दिसावा तसे वाटे.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत शेड जुळवण्याचे काम मी सव्वीस वर्षे केले आहे. त्यामुळे या घराच्या रंगसंगतीचा प्रश्न आपण सहज सोडवू अशी माझी पक्की समजूत होती, आणि पहिली चूक त्या समजुतीपोटीच झाली. दोन्ही घरे एकच वाटावीत म्हणून मी सगळ्या भिंतींना एकच ऑफ-व्हाइट दिला. एकाच कंपनीचा, एकाच क्रमांकाचा, एकाच दिवशी आणलेला रंग. वाटेच्या जमिनीवर काय टाकायचे हा प्रश्न मी ठेकेदारावर सोडला, आणि त्याने, सगळीकडे टाकतात तशी, काळ्या ग्रॅनाइटची सहा इंची पट्टी टाकून दिली. पलीकडची जमीन आमच्या जमिनीपेक्षा अर्धा इंच उंच होती, कारण आधीच्या मालकांनी जुनी मोझॅक न उखडता तिच्यावरच टाइल्स चिकटवल्या होत्या. ग्रॅनाइटच्या पट्टीने तो अर्धा इंच आमच्या बाजूला धारदार कडेसारखा उभा राहिला. वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई तिथे दोनदा अडखळल्या आणि तिसऱ्यांदा पलीकडे गेल्याच नाहीत.

काम फसले आहे हे मला खऱ्या अर्थाने कळले ते २०२३ च्या गणपतीत. मखर आम्ही नेहमीप्रमाणे आमच्या हॉलमध्ये केले होते आणि पाहुण्यांच्या चहाफराळाची सोय मुद्दाम पलीकडे ठेवली होती, म्हणजे गर्दी वाटली जाईल. दर्शन घेऊन येणारा प्रत्येक जण त्या काळ्या पट्टीपाशी थबकायचा. माझ्या चुलत जाऊबाई, ज्या या घरात तीस वर्षे येत-जात आहेत, त्या पट्टीच्या अलीकडे उभ्या राहून म्हणाल्या, “वहिनी, तिकडे कोण राहतं गं आता? जाऊ का आत?” मी हसून त्यांना नेले खरे, पण दिवसभर माणसे तिथे पाय आखडता घेत होती ते पाहत होते. दोघा-तिघांनी तर पलीकडे जाताना दारात चपला शोधल्या.

विसर्जनानंतर मी एक साधी गोष्ट केली, जी खरे तर आधी करायला हवी होती. घरातल्या प्रत्येक दारात उभे राहून पुढच्या खोलीचा फोनवर फोटो काढला आणि ते सगळे फोटो काळे-पांढरे करून पाहिले. रंग काढून टाकला की उजेड-अंधाराची उतरंड उघडी पडते. आमची मोझॅक फोटोत मध्यम राखाडी, पट्टी काळीकुट्ट, पलीकडची टाइल जवळजवळ कोरी पांढरी. मधल्या पायऱ्या नाहीतच. शोकेस गडद, सोफा मध्यम, आणि त्यांच्या मागच्या भिंती, ज्या एकाच डब्यातल्या रंगाच्या होत्या, त्या दोन निराळ्या उजळपणाच्या. या शेवटच्या गोष्टीने मला माझ्याच धंद्याची लाज वाटली.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना नेहमी प्रकाशपेटीत धरून पाहायचो. पेटीत डी-६५ म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिनचा दिवसाच्या उजेडासारखा दिवा असे आणि दुसरा सुमारे २८५६ केल्व्हिनचा, जुन्या पिवळ्या बल्बसारखा. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका पांढरा-निळसर. एका दिव्याखाली जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या दिव्याखाली फुटत, म्हणजे उघड वेगळ्या दिसत, आणि असा नमुना आम्ही परत पाठवत असू. ही गोष्ट साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. राम मारुती रोडवरच्या दुकानात साडी आणि ब्लाउजपीस हातात घेऊन आपण दारापाशी उन्हात जातो ते याचसाठी. आणि मी मात्र घरात दोन हॉलना दोन निरनिराळे दिवे तसेच ठेवून भिंतींना एक रंग दिला होता. आमच्याकडे २७०० केल्व्हिनचे पिवळसर एलईडी, त्यांच्याकडे सीलिंगमधले ६५०० चे. एकच ऑफ-व्हाइट आमच्याकडे सायीसारखा दिसे आणि तिकडे नीळ घातलेल्या चुन्यासारखा. दिवसाही तो तिथे थंडच वाटे, कारण पांढरी चकचकीत टाइल खिडकीचा उजेड जशाच्या तसा भिंतीवर टाकते, तर आमची मोझॅक तो मऊ करून, किंचित हिरवट करून टाकते. भिंतीचा रंग भिंतीवर एकट्याने राहत नाही.

म्हणून सुरुवात दिव्यांपासून केली. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो, तो वाचण्याची सवय आपल्याला नाही; आपण “वॉर्म” आणि “व्हाइट” एवढ्यावर भागवतो, आणि एका कंपनीचा वॉर्म दुसऱ्या कंपनीच्या वॉर्मसारखा असेलच असे नाही. झोपाळ्यावरून आणि सोफ्यावरून एका नजरेत येणारे सगळे दिवे, दोन्ही हॉल आणि मधली जागा धरून एकूण अठरा, मी ३००० केल्व्हिनचे करून घेतले. मुलाने कुरकुर केली. “आई, पिवळ्या दिव्यात लॅपटॉपवर काम करताना डोळे मिटायला लागतात.” त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याच्या टेबलावर आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चे दिवे ठेवले, कारण तिथे काम होते आणि त्या जागा हॉलमधून सरळ दिसत नाहीत. अठरा दिव्यांना ग्रॅनाइटच्या पट्टीपेक्षा कमी पैसे लागले, आणि निम्मे काम त्यांनीच केले. दिवे बदलले त्या संध्याकाळी सून म्हणाली, “आई, तुमची भिंत पलीकडे आल्यासारखी वाटते आहे.”

भिंतींचा रंग पुन्हा बदलायचा होताच, पण आता एकच रंग देण्याचा हट्ट मी सोडला. मुलगा-सुनेला राखाडी भिंत हवी होती आणि सासूबाईंना पांढऱ्या भिंतीत “इस्पितळात ठेवल्यासारखं” वाटत होते; दोघांनाही गप्प बसवून घर एक होणार नव्हते. रंगाच्या दुकानात यंत्रावर शेड बनते तेव्हा कोणता रंग किती टाकला याची चिठ्ठी निघते. मुलाने निवडलेल्या राखाडीच्या चिठ्ठीत पांढऱ्या बेसमध्ये जवळजवळ सगळा काळाच होता. काजळीसारख्या काळ्याने पांढऱ्यात केलेली राखाडी निळसर झाक देते, हे आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवले जाई. आणि शेजारी सागवान असेल तर ती निळाई आणखी उठून दिसते, कारण सागवानाचा रंग मुळात नारिंगी आहे आणि डोळा नारिंगीशेजारच्या राखाडीत त्याचा विरुद्ध रंग भरून पाहतो. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यातील रंगाईचा प्रमुख शेव्रल याने हेच १८३९ मध्ये मांडले होते. विणकरांची तक्रार होती की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासले तर धाग्याचा रंग निर्दोष होता, दोष शेजारच्या धाग्याचा होता.

मी दुकानदाराला त्याच राखाडीत यलो ऑक्साइड घालायला सांगितले. तो तयार होईना. यंत्राच्या हिशेबाबाहेरचा रंग परत घेत नाही, म्हणाला. लिहून घ्या, परत आणणार नाही, असे सांगून अर्ध्या लिटरच्या डब्यात थोडे थोडे घालत गेले. तीन वेळा झाल्यावर राखाडीची निळाई मेली आणि ती ओल्या राखेसारखी झाली. आमच्या हॉलसाठी त्याच यलो ऑक्साइडचा आणि अगदी चिमूटभर त्याच काळ्याचा फिका रंग बनवला. म्हणजे दोन भिंती दिसायला दोन, पण रंगद्रव्ये तीच, प्रमाण उलटे. तावभर प्लायवर दोन्ही रंग लावून ते तुकडे आठवडाभर खोल्याखोल्यांतून फिरवले, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर. भिंतीवर सरळ ठिपका लावून पाहू नये, शेजारचा जुना रंग फसवतो.

या सगळ्यात मला खरा मार्ग सासूबाईंनी दाखवला, आणि तोही दुसरेच काही सांगताना. दिवाळीआधी त्यांनी कपाटातली इरकली उन्हात घालायला काढली होती. सून हातात घेऊन म्हणाली, “आजी, हा पदर नंतर शिवून लावला आहे का?” सासूबाई म्हणाल्या, “शिवलेला नाही गं बाळा, अडकवलेला आहे. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचा रेशमी. दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत घालतात आणि मग विणतात. नुसतं टाचलं असतं तर इतकी वर्षं टिकलं असतं का?” इरकलीच्या त्या जोडाला टोपी तेणी म्हणतात. अंग आणि पदर यांत साम्य काहीच नाही, पोत वेगळा, रंग वेगळा, आणि तरी ते एकच वस्त्र असते, कारण याचा फासा त्यात आणि त्याचा यात गेलेला असतो. आमच्याकडे याच्या नेमके उलटे झाले होते. दोन घरे तशीच ठेवून मध्ये एक तिसराच, कोणाचाच नसलेला काळा दगड मी टाकून दिला होता.

ती पट्टी उखडली. भिंत नऊ इंची होती, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह दहा इंच, म्हणजे आमच्या एका मोझॅक फरशीएवढी. एवढी रुंदी वापरायला मिळाल्यावर अर्ध्या इंचाचा प्रश्न सुटला: दहा इंचांत अर्धा इंच चढ म्हणजे वीसास एक, आणि चाकाच्या खुर्चीच्या उतारासाठी बारास एकपर्यंत चालते. दगड कोटा निवडला. त्याचा हिरवट करडा रंग आमच्या मोझॅकच्या चिपांत आधीपासून होता, आणि त्याचा सपाट, नक्षीहीन साधेपणा पलीकडच्यांना परका वाटला नाही. फरशीवाल्याला चकचकीत पॉलिश करू दिले नाही. ओल्या पायाला ते घसरते.

फरशीवाल्याशी एका मुद्द्यावर अर्धा दिवस वाद झाला. त्याला दोन्ही बाजूंच्या सांध्यांच्या रेषा जुळवून हव्या होत्या. दहा इंचांच्या आणि चोवीस इंचांच्या फरशांच्या रेषा दर दहा फुटांनीच एकत्र येतात आणि आमची वाट चार फुटांची. जुळवायला गेलो तर एका कडेला जुळणार आणि दुसरीकडे अंगठ्याएवढ्या फरकाने चुकणार, आणि ती चूक न जुळवल्यापेक्षा जास्त डोळ्यात खुपते. म्हणून पट्टा अखंड ठेवला. चार फुटांचा एकच दगड, मध्ये एकही सांधा नाही, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा त्याच्यापाशी येऊन थांबतात आणि कोणी त्यांची तुलना करत नाही. मिस्त्रीला हे पटले नाही, पण दगड बसल्यावर तो स्वतःच दोन पावले मागे जाऊन पाहत राहिला.

शोकेसचा विषय काढायला मला आठवडा लागला. चार भागांच्या त्या शोकेसचा एक भाग झोपाळ्याच्या मागे अडगळीत गेला होता आणि त्याचे सागवान वाटेच्या चौकटीला पुरेसे होते. सासूबाई आधी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “त्यांनी जांभळी नाक्यावरून लाकूड स्वतः निवडून आणलं होतं. कापायचं असेल तर सुतार चांगला बघा, आणि फळीचा एकही तुकडा टाकू नका.” सुताराने काचकागदाने जुने मेलॅमाइन पॉलिश घासून काढले तेव्हा आतून जे लाकूड निघाले ते पाहून आम्ही सगळेच गप्प झालो, तीस-पस्तीस वर्षे आम्ही ज्याला सागवानाचा रंग समजत होतो तो बहुतांशी पॉलिशचा पिवळेपणा होता. आतले लाकूड मधासारखे होते. चौकटीला दार लावले नाही, आणि पॉलिश मॅट ठेवले, कारण पलीकडच्या टाइलची चकाकी एकटीच पुरेशी आहे. उरलेल्या फळ्यांच्या पट्ट्या मुलाच्या काळ्या लोखंडी टेबलाच्या कडेला आणि त्याच्या पुस्तकांच्या फळीला लागल्या. उलट दिशेने त्यांच्या सोफ्याच्या राखाडी कापडाच्या उश्या आमच्या झोपाळ्यावर आल्या. पट्ट्यापलीकडे तीन फुटांवर एक मध्यम करड्या रंगाची सुती सतरंजी टाकली, म्हणजे पांढऱ्या टाइलवर नजर एकदम आपटत नाही. काळे-पांढरे फोटो पुन्हा काढले तेव्हा मोझॅक, कोटा, सतरंजी, टाइल अशी उतरंड बऱ्यापैकी सलग दिसली.

एवढ्यावर थांबायचे हे ठरवणे मला सर्वांत अवघड गेले. फासे घालायचे म्हणजे सगळीकडे सागवान आणि सगळीकडे राखाडी पेरत सुटायचे नाही. मी सासूबाईंच्या खोलीत राखाडी पडदे लावायला निघाले होते. त्यांनी त्यांच्या खोलीतले हिरवे पडदे काढू दिले नाहीत, आणि आता वाटते की ते बरेच झाले. त्यांची खोली हॉलमधून दिसत नाही. जी खोली कोणत्याही बसण्याच्या जागेवरून दिसत नाही, तिने बाकीच्या घराशी जुळून घेण्याचे कारण मला सापडलेले नाही. पलीकडच्या जुन्या स्वयंपाकघराचे आम्ही कपडे धुण्या-वाळवण्याची खोली केली, तिथेही आधीच्या मालकांच्या निळ्या टाइल्स तशाच आहेत.

तुळईचे मात्र काही करता आलेले नाही. ती छतापासून दीड फूट खाली आली आहे, आमच्या बाजूने उघडी आणि पलीकडच्या बाजूने फॉल्स सीलिंगमध्ये अर्धी बुडालेली, त्यामुळे झोपाळ्यावरून वर पाहिले की पलीकडचे छत बसकेच वाटते. सीलिंग उतरवून घ्यावे तर त्यातली वायरिंग पुन्हा करावी लागेल, आणि पावसाळ्यात ते काम सुरू करू नका असे इलेक्ट्रिशियनने सांगितले आहे. तोपर्यंत तुळईला दोन्ही बाजूंनी आमच्या हॉलचा फिका रंग देऊन ठेवला आहे. पलीकडच्या बाजूचा हात अजून एक द्यायचा राहिला आहे. तिथे खालची राखाडी थोडी डोकावते.